दर पाच मिनिटांनी पेटणारा बॉयलर

१

सकाळी साडेआठला ऑड्री स्टोबार्टचा हात स्वयंपाकघरातल्या नळाखाली भाजला, आणि नऊ वाजायच्या आत तिच्या नवऱ्यानं गुन्हा कबूल केला.

"बॉयलरचं बटण मीच फिरवलं," एडविन खुर्चीतून म्हणाला. "काल संध्याकाळी. का फिरवलं ते मात्र आठवत नाही."

हेस्टर कॉल्पिट्स तेव्हा दारातच बुटांवरचा बर्फ झटकत होती. सत्तावन्न वर्षांची, रुंद खांद्यांची बाई. एस्कडीन गावातली निम्मी घरं तिच्या हातच्या नळ्यांनी ऊब घेत होती, उरलेली निम्मी तिच्या वडिलांच्या. कोळशाची खाण कधीच बंद झाली होती, पण थंडी काही बंद झाली नव्हती. जानेवारीत लोक डॉक्टरच्या आधी हेस्टरला फोन करत.

"ऐकलंस?" जॅनिस म्हणाली. जॅनिस म्हणजे म्हाताऱ्यांची लेक, शेजारच्या गावात राहणारी. आईच्या हाताभोवती ती ओला फडका गुंडाळत होती. "पुन्हा तेच. बाबा बटण फिरवतात आणि विसरतात. आज हात भाजला, उद्या घर पेटेल."

"उगाच घर पेटवू नकोस गं," ऑड्री म्हणाली. "हेस्टर, चहा घेशील ना?"

"हाताला काय झालंय ते बघा, आणि चहा विचारतेय," जॅनिस पुटपुटली.

हेस्टरनं चहाला हो म्हटलं आणि स्टूल ओढून बॉयलरसमोर बसली. तिची ही जुनी रीत. आधी हत्यार काढायचं नाही, आधी ऐकायचं. भिंतीवरची पांढरी पेटी फुरफुरली, पेटली, दोन मिनिटं जळली आणि गप्प झाली. तीन मिनिटं शांतता. पुन्हा फुरफुर. चढण चढताना दम लागलेला माणूस चार पावलं टाकतो, थांबतो, पुन्हा चार पावलं टाकतो, तसं त्या बॉयलरचं चाललं होतं. पेटावं आणि विझावं, विझावं आणि पेटावं, ना पुरतं जळणं ना पुरती झोप.

"तासाला बारा वेळा," हेस्टर म्हणाली. "कधीपासून?"

"नाताळच्या आधीपासून. दोन मिस्त्री येऊन गेले. एकानं पंप बदलला, दुसऱ्यानं आतली विजेची पट्टी बदलली. दोघंही म्हणाले, बॉयलर ठणठणीत आहे. मग उरलं कोण?" जॅनिसनं वडिलांकडे पाहिलं नाही. आवाज मात्र खाली आला. "परवा, शुक्रवारी, कौन्सिलची बाई येतेय. या दोघांना एकटं राहू द्यायचं की नाही, ते बघायला. बिशप लेनच्या वृद्धाश्रमात जागा आहे. एकच."

"एकच," एडविन म्हणाला, जणू कुणी त्याला वेळ विचारली होती. "आणि ती माझी. ठरलंय."

ऑड्रीनं किटली जरा जास्तच जोरात खाली ठेवली.

हेस्टर उठली आणि बॉयलरच्या बटणाशी वाकली. बटणावर तपकिरी चिकटपट्टी आडवी-उभी मारलेली होती.

"ही कुणी लावली?"

"मी," जॅनिस म्हणाली. "तीन आठवडे झाले. दुसऱ्या मिस्त्रीनं बटण जिथं ठेवलं होतं तिथंच राहावं म्हणून."

हेस्टरनं पट्टीच्या कडेवरून नख फिरवलं. कडांवर स्वयंपाकाच्या वाफेचा चिकट थर बसला होता, त्यावर धूळ, आणि त्या धुळीवर एक ओरखडासुद्धा नव्हता. ही पट्टी तीन आठवड्यांत कुणी उचकटली नव्हती. काल संध्याकाळी तर नाहीच.

तिनं वळून म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता, विसराळू माणूस बघतो तसा नव्हे. पत्ते दडवून बसलेला माणूस बघतो तसा.

२

खोटं बोलणारा माणूस हेस्टरला नवा नव्हता. 'मी कशाला हात लावला नाही' असं तर रोजच ऐकायला मिळे. पण न केलेलं काम अंगावर ओढून घेणारा तिनं आजवर पाहिला नव्हता.

तिनं जॅनिसला मागच्या अंगणात नेलं.

"बटण सोडून आणखी काय काय होतं घरात? सगळं सांग, फालतू वाटलं तरी."

जॅनिसनं कोटाची कॉलर वर केली. "उशांचे अभ्रे पावाच्या डब्यात सापडले. टॉवेल काचेच्या कपाटात, चांगल्या बश्यांच्या मागं. चादरी शिवणयंत्राच्या पेटीत. आईला विचारलं तर म्हणते, असेल ठेवलं. बाबांना विचारलं की लगेच म्हणतात, मीच ठेवलं." ती थांबली. "आणि आई सारखी वर जाते. दिवसातून आठदा-दहादा. काय करतेस वर, विचारलं तर म्हणते, पायांना व्यायाम."

"बाबा जातात वर?"

"गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा पलंग खालीच आहे. आठ महिन्यांत एक पायरी चढले नाहीत." जॅनिसचे डोळे भरून आले होते, पण ती ते थंडीवर ढकलत होती. "तुला वाटत असेल, लेक दुष्ट आहे. मी रोज रात्री फोन उशाशी ठेवून झोपते गं. दोघांतला एक गेला तर दुसरा जगणार नाही, ते कळतं मला. पण दोघं एकदम जळून गेले तर मी काय करू?"

हेस्टरनं तिच्या दंडावर हात ठेवला.

कुंपणापलीकडून खोकण्याचा आवाज आला. विल्फ ह्यूगिल, शेजारी, ऐंशीच्या घरातला, हातात चहाचा मग घेऊन उभा होता. बराच वेळ उभा असावा, कारण मगातली वाफ संपली होती.

"बॉयलरचं म्हणाल तर माझ्यावर येऊ नका," तो म्हणाला. "मी फक्त खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरमधली हवा काढली होती."

"कधी?"

"नवीन वर्षाच्या दुसऱ्या दिवशी. एडविननं बोलावलं म्हणून."

"म्हणजे दुखणं सुरू झाल्यावर," हेस्टर म्हणाली. "सुटलात तुम्ही, विल्फ."

"सुटलो काय? चाळीस वर्षं या माणसाच्या संशयातून मी सुटलेलो नाही." तो कुंपणावर रेलला. "तुला लीकच्या स्पर्धेचं ठाऊकच आहे."

एस्कडीनमध्ये ते कुणाला ठाऊक नव्हतं? लीक म्हणजे कांद्याच्या कुळातली जाड पात, मनगटाहून जाड पांढऱ्या दांड्याची. सप्टेंबरात क्लबात तीन-तीन दांडे मांडायचे आणि ज्याचे जाड तो वर्षभर ताठ मानेनं चालायचा. बाप मुलाला बी देत नसे, भाऊ भावाला खताची कृती सांगत नसे. वाफ्याच्या खोपीला तीन-तीन कुलपं. बायकांनी वाफ्यावर पाय ठेवायचा नाही, असा नियम कुठं लिहिलेला नव्हता आणि कुणी मोडतही नव्हतं.

"दोन वर्षांमागं," विल्फ म्हणाला, "स्पर्धेच्या आदल्या रात्री कुणीतरी एडविनची पात कापली. सगळी. चाकूनं, बुंध्यापासून. सकाळी हा वाफ्यावर गेला, बघितलं, आणि घरी येऊन म्हणाला, या घरात पुन्हा पातीचं नाव काढायचं नाही. तेव्हापासून वाफा ओसाड आहे. त्याला वाटतं, मीच कापली."

"आणि तुम्ही नाही?"

"मी त्या वर्षी दुसरा आलो असतो, पोरी. त्याची पात समोर ठेवून दुसरा. ती नसताना पहिला आलो. असला पहिला नंबर तोंडात मातीसारखा लागतो." त्यानं गार चहा गवतावर ओतला. "क्लबात कुणाला सांगू नकोस."

विल्फ आत गेला. हेस्टर मात्र तिथंच उभी राहून वर बघत राहिली. मागच्या भिंतीला, जिन्यालगतच्या वळचणीला, एक बारीक गोल झरोका होता. आत लख्ख जांभळट उजेड होता, भर सकाळी. आणि हेस्टरला आठवलं, या ओळीतल्या प्रत्येक घरात त्या झरोक्यामागं फक्त गरम पाण्याची टाकी असते.

३

ती आत आली तेव्हा स्वयंपाकघरात एडविन एकटाच होता, ऑड्री कुठं दिसत नव्हती. हेस्टरनं हॉलमधल्या रेडिएटरला हात लावला. गार. दुसरा, तोही गार.

"दिवसा आम्ही शेगडीवरच भागवतो," एडविन म्हणाला. "रेडिएटर चारला सुरू होतात."

"म्हणजे खोल्यांना ऊब नकोय. तरी बॉयलर पेटतोय."

"बॉयलरचं डोकं फिरलंय. माझ्यासारखं."

"बॉयलरला डोकं नसतं, एडविन. कुणीतरी ऊब मागतं, तेव्हाच तो पेटतो. खोल्या मागत नाहीत. मग मागतंय कोण?"

बॉयलरखालून दोन तांब्याच्या नळ्या छताकडे जात होत्या. एकीतून गरम पाणी वर टाकीकडे जातं, ऊब तिथं उतरवतं आणि निवून दुसरीतून खाली येतं. हेस्टरनं एक नळी उजव्या हातात धरली, दुसरी डाव्या हातात, आणि दोन्ही हात एकदम मागं घेतले. जाणारी नळी चटका देत होती, येणारीही तेवढीच.

तिनं ओठ आवळले. पाणी ऊब घेऊन वर जात होतं आणि तीच ऊब घेऊन तसंच परत येत होतं, माहेराहून भरल्या टोपलीनं परत पाठवलेल्या लेकीसारखं. वर टाकीत आणखी ऊब घ्यायला जागाच नव्हती. तरी वरून कुणीतरी सारखं म्हणत होतं, अजून दे, अजून दे. बिचारा बॉयलर दोन मिनिटांत स्वतःच्या मर्यादेला पोचायचा, थांबायचा, निवायचा, पुन्हा हाक ऐकून पेटायचा. नळाला हात भाजणारं पाणी आलं ते यामुळं. आधीच्या मिस्त्रींनी खालीच शोध घेतला होता, आणि दुखणं होतं वर.

"ऑड्री कुठं आहे?"

"वर," एडविन म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला.

जिन्याच्या वरच्या टोकाशी ऑड्री उभी होती, पाठ एका अरुंद दाराला लावून. हे उबेचं कपाट. आत पाण्याची टाकी, तिच्याभोवती फळ्या, आणि फळ्यांवर घरातलं सगळं धुतलेलं कापड टाकीच्या उबेला कोरडं राहतं. दोन्ही मिस्त्रींना इथूनच चहाला खाली पाठवलं गेलं असणार.

"दार फुगलंय," ऑड्री म्हणाली. "उघडत नाही. आत चादरी आहेत नुसत्या."

"चादरी शिवणयंत्राच्या पेटीत आहेत, ऑड्री."

म्हातारीनं भाजलेला हात पोटाशी धरला. तिच्या पायांशी, दाराखालच्या फटीतून, जांभळट उजेडाची एक रेघ जमिनीवर पडली होती. आणि तिथं, मेणाच्या आणि साबणाच्या वासाआड, आणखी एक वास होता, हिरवा, कोवळा, नाकात शिरून डोळ्यांच्या मागं चुरचुरणारा.

"खाली डुकराच्या मांसाचं आणि वाटाण्याचं जेवण शिजतंय," हेस्टर हळू म्हणाली. "मग इथं कांद्यासारखा वास कशाचा?"

"एडविनला वास येत नाही," ऑड्री म्हणाली. "चार वर्षं झाली, नाक गेलंय त्याचं. तू कृपा करून खाली जा. शुक्रवार होऊन जाऊ दे. मग सांगेन."

"शुक्रवारी ते एकाला घेऊन जातील."

"ठाऊक आहे मला." ऑड्रीचा आवाज कागदासारखा फाटला. "पण तो खरंच विसरायला लागलाय गं. स्वतःच्या तोंडानं सांगतो, बटण मी फिरवलं, अभ्रे मी ठेवले. आणि अभ्रे तर..."

ती थांबली. हेस्टर वळली आणि जिना उतरू लागली. अभ्रे कुणी ठेवले ते आता तिला कळलं होतं. उरलं होतं एवढंच: एडविन ते अंगावर का घेतोय?

४

तिनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि एडविनसमोर बसली.

"चिकटपट्टी मोडलेली नाही," ती म्हणाली. "बटण तुम्ही फिरवलेलं नाही. अभ्रे वर असतात आणि तुम्ही आठ महिने वर गेलेला नाहीत. खाणीत चाळीस वर्षं काढलीत, खोटं बोलायला शिकला नाहीत."

एडविन शेगडीतल्या निखाऱ्यांकडे बघत बसला. बॉयलर पेटला. बॉयलर विझला.

"नोव्हेंबरात," तो म्हणाला, "पाव घ्यायला डबा उघडला तर आत अभ्रे. इस्त्री केलेले, नीट घडी घातलेले. मी डबा बंद केला. नंतर टॉवेल. नंतर ती रात्रंदिवस जिना चढू लागली, आणि वर एकटीच बोलताना ऐकू यायची. हळू, लाडानं, तान्ह्या मुलाशी बोलावं तसं. आमचं एक मूल गेलंय, हेस्टर, जॅनिसच्या आधी. मला वाटलं, ती त्या काळात परत गेलीय."

हेस्टरनं स्टूल त्याच्याजवळ ओढलं.

"मग बॉयलरचं सुरू झालं. म्हटलं, तिनंच काहीतरी केलं असणार. जॅनिस विचारू लागली. कुणाचं तरी नाव घ्यावं लागणारच होतं. तिथं जागा एक आहे. त्या वृद्धाश्रमाच्या खिडक्या उघडत नाहीत, मी विल्फच्या भावाला भेटायला गेलो होतो तेव्हा बघितलंय. ऑड्री जन्मात कधी बंद खिडकीत झोपलेली नाही. मी आयुष्य जमिनीखाली काढलंय, मला खिडकी असली काय, नसली काय." त्यानं नाक पुसलं. "मी गेलो की जॅनिस तिला आपल्याकडे नेईल. चांगली पोर आहे. सगळं नीट बसत होतं. तू कशाला आलीस?"

"एडविन," हेस्टर म्हणाली, "ऑड्रीला वाटतंय की तुम्ही विसरायला लागलात."

त्यानं मान वर केली.

"तुम्हीच सांगताय ना तसं. ती तुमच्यावर विश्वास ठेवते. दोन महिने या घरात दोन शहाणी माणसं एकमेकांना वेडं समजून सांभाळतायत."

वरून एक दार उघडल्याचा आवाज आला. मग जिन्यावर पावलं, अगदी सावकाश, काहीतरी भरलेलं, तोलून आणल्यासारखी.

५

जॅनिसनं खोलीचं दार धरलं. ऑड्री आत आली. दोन्ही हातांवर लाकडी ट्रे, ट्रेमध्ये काळी माती, आणि मातीत ओळीनं उभे हिरवे कोंब, सुईएवढे, सगळ्यांची टोकं अजून वाकलेली, झोपेतून मान न उचललेली.

एडविनचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले.

"तुझ्याच पातीची जात आहे," ऑड्री म्हणाली. "त्या सकाळी तू सगळं पेटवून दिलंस, पण बियांसाठी राखलेलं एक फूल खोपीच्या मागं पडलं होतं. मी उचललं. पुढच्या वर्षी त्याचं बी जॅनिसच्या परड्यात लावलं, तिला सांगितलं फुलझाड आहे म्हणून."

"ते निळं-पांढरं गोल फूल?" जॅनिस म्हणाली. "मी ते कौतुकानं सगळ्यांना दाखवत होते."

"त्याच्याच बियांचे हे कोंब. कुणाला कळलं असतं तर यांनाही चाकू लागला असता. म्हणून घरात. उबेच्या कपाटात, रोपांच्या जांभळ्या दिव्याखाली. चादरी काढल्या, जिथं जागा मिळाली तिथं कोंबल्या." ती एडविनकडे बघत होती. "तुला सांगितलं असतं तर तू फेकून दिली असतीस."

त्यांचं बोलणं चाललं असतानाच हेस्टर वर जाऊन आली होती, तिच्या हातांना कपाटातली ऊब अजून होती. बाकीचं तिनं थोडक्यात सांगितलं, कारण जॅनिसला ते ऐकायची गरज होती. टाकीच्या पोटाला एक छोटी डबी पट्ट्यानं बांधलेली असते. टाकी तापली की तीच बॉयलरला 'पुरे' म्हणते. ट्रेसाठी फळी आत सरकवताना ऑड्रीच्या हातून तो पट्टा वर ढकलला गेला आणि डबी तांब्यावरून घसरून टाकीच्या जाड फोमच्या रजईवर जाऊन बसली. रजईवरून तिला टाकी कधी तापलेली कळलीच नाही. तिला लागत होती कपाटाच्या दारातून येणारी थंडी, आणि ती थंडी लागली की तिचं एकच मागणं: अजून दे.

"म्हणून नळाला उकळतं पाणी, आणि म्हणून बॉयलरला दम," हेस्टर म्हणाली. "डबी जागेवर बसवली. आईच्या हातून चूक झाली, पण ती लपवताना झालेली चूक आहे, विसरताना झालेली नाही. आणि बाबांच्या हातून तर काहीच झालेलं नाही, खोटं बोलण्यापलीकडे."

जॅनिस हळूहळू खाली बसली, जिथं खुर्ची नव्हती तिथं, गालिच्यावर. "बाबा. तुम्ही तिच्याऐवजी जाणार होतात?"

"तुला कोण विचारतंय," एडविन म्हणाला. पण त्याचा आवाज ट्रेपर्यंतच पोचत होता. "आणि तू वर बोलायचीस ते कुणाशी?"

"यांच्याशी," ऑड्री म्हणाली. "तू वाफ्यावर बोलायचास ना त्यांच्याशी? मला कुंपणाबाहेरून ऐकू यायचं. वाटलं, बोलावं लागतं."

एडविननं डोळे मिटले. मोठ्या, कोळशानं कायमच्या निळ्या ठिपक्यांच्या त्या हातांपैकी एक पुढं आला, ट्रेच्या काठाशी थबकला. मग एका बोटानं त्यानं एका कोंबाची वाकलेली मान अगदी हलकेच वर केली.

"पाणी जास्त घालतेस," तो म्हणाला.

"चाळीस वर्षांत एकदा वाफ्यावर येऊ दिलं असतंस तर शिकले असते."

"आणि फार दाट लावलीस."

"मग सांग ना कशी लावायची. नुसता बसून काय दोष काढतोस, म्हाताऱ्या?"

जॅनिस फोन काढून हॉलमध्ये गेली. तिचा आवाज दाराआडून येत होता, आधी अडखळत, मग सावरत: कौन्सिलच्या बाईंना निरोप द्या, इथं येण्याची गरज उरलेली नाही, हो, माझी खात्री आहे, नाही, वृद्धाश्रमातली जागा दोघांपैकी कुणालाच नको.

हेस्टरनं पिशवी उचलली. कुणाचं लक्ष नव्हतं, आणि ते तिला बरं वाटलं. एडविन जमिनीवर काठी टेकत उठायचा प्रयत्न करत होता आणि ऑड्री एका हातानं ट्रे आणि भाजलेल्या हातानं त्याची कोपर सांभाळत होती.

"वाफ्याची माती गोठली असेल," तो म्हणत होता. "बघायला हवी. उद्या जाऊ."

"उद्या मी हातावरची पट्टी बदलायला दवाखान्यात जातेय," ऑड्री म्हणाली. "शुक्रवारी जाऊ. शुक्रवारी आता आपण दोघं मोकळे आहोत."